विमावाल्यांच्या मौनाचं गूढ

ऐक, आणि मध्ये बोलू नकोस, लिंक तुटते माझी.

चौकात किल्ल्या बनवणारे एक दाजी आहेत. त्यांना विचारलंस तर किल्ल्या हा नुसता जोडधंदा. "मी मूळचा गुप्तहेर," ते सांगतात. "माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही. सुटलीच तर ती मी सोडलेली असते." आजवर तीन केसेस. दोन चपलांच्या, एक मांजराची. मांजर आपल्या पायांनी घरी आलं, तरी वहीत 'यशस्वी तपास' अशीच नोंद. मदतनीस म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. पगार शून्य, पण दोन वेळचं जेवण बहिणीच्या हातचं, म्हणून बिचारा मेहुणा टिकून आहे.

तर काय झालं, वादळ आलं, नाला फुगला आणि शिंपीणमावशींच्या दुकानात कमरेएवढं पाणी शिरलं. चारही शिलाई मशिनी पाण्याखाली. त्या गेल्या तर मावशींना परत जुन्या मालकाकडे काजं करायला जावं लागणार, आणि तो टपूनच बसलेला. पण मावशी निर्धास्त. "विमा आहे ना."

पाणी ओसरलं. मेहुणा फडकं आणि तेलाची बाटली घेऊन पोचला, तर दाजी दारात आडवे.

"हात लावायचा नाही. हे घटनास्थळ आहे. विमावाले येईपर्यंत चिखलाचा कणसुद्धा हलता कामा नये."

"दाजी, गंज चढेल."

"गंज हाही पुरावाच असतो."

आणि मावशींच्याच मोजपट्टीने दार बांधून टाकलं. दोन दिवस गेले, चार गेले, आठ गेले. विमावाल्यांचा पत्ता नाही. समोरच्या सलूनवाल्याकडे मात्र तिसऱ्याच दिवशी येऊन फोटो काढून गेले.

मग काय, दाजींच्या डोक्याला चाकं फुटली. पहिला निष्कर्ष, मावशींची फाईल वरून दाबली. दुसरा, विमावाले वेश बदलून येऊन गेले, कारण उंबऱ्याशी चिखलात अनोळखी बुटाचा ठसा. मेहुण्याने दाजींचाच बूट त्यावर ठेवून पाहिला. तंतोतंत बसला.

"म्हणजे बूटही माझ्यासारखाच घातला होता," दाजी म्हणाले. "कसलेला माणूस दिसतोय."

तिसरा, सलूनवाला फितूर. त्याची उलटतपासणी झाली, तीही फुकटात दाढी करून घेत.

"तुझ्याकडेच कसे आले ते?"

"फोन केला ना त्यांना. पाणी आलं त्याच दिवशी."

"बघ," दाजी मेहुण्याला म्हणाले, "आतून लागेबांधे आहेत. लिहून घे."

मेहुण्याने लिहून घेतलं.

नवव्या दिवशी दाजी मावशींच्या घरी खुर्चीवर उभे राहून अख्खा कट उलगडत होते. कोपऱ्यात मावशींच्या सासूबाई भिजलेली बटणं निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अगं, पण विमावाल्यांना कळवलंय का कुणी?"

मावशींनी दाजींकडे पाहिलं. दाजींनी मेहुण्याकडे. मेहुण्याच्या मागे भिंत होती.

"मला वाटलं, पूर आला की ते आपोआप येतात," मावशी म्हणाल्या. "टीव्हीवर दाखवला होता की."

फोन केला, दुसऱ्या दिवशी साहेब हजर. पँट दुमडून आलेला सभ्य माणूस. "पुराचं पाणी तुमच्या विम्यात बसतं," तो म्हणाला, आणि मावशींचा जीव भांड्यात पडला. मग त्याने एका मशिनीचं चाक फिरवून पाहिलं. फिरेना.

"हा गंज पाणी गेल्यानंतरचा आहे. फोटो काढून, पुसून, तेल घालून ठेवायचं होतं. नुकसान आणखी वाढू न देणं ही तुमची जबाबदारी असते. इतके दिवस चिखलात ठेवायला सांगितलं कुणी?"

"रोज पुसत होतो म्हणून सांगा," दाजी मावशींच्या कानात पुटपुटले. मावशी तसं म्हणणारच होत्या.

"नको मावशी," मेहुणा म्हणाला. "खोटं सापडलं तर मिळणार आहे तेही जाईल. साहेब, आमच्या दाजींनी सांगितलं. आणि मी ऐकलं."

साहेबांनी लिहून घेतलं. कापडाचे पैसे मिळाले. पाणी शिरताक्षणीच जिची मोटर जळाली होती, त्या एका मशिनीचेही मिळाले. बाकीच्या तीन गंजाच्या नावावर गेल्या. मावशी आता सकाळी जुन्या मालकाकडे काजं करतात, दुपारी स्वतःचं दुकान उघडतात. दाजींनी नवी पाटी लावलीय, 'पूर व विमा सल्लागार'.

आणि साहेब येऊन गेले त्या संध्याकाळी ताट वाढताना ताई भावाला एवढंच म्हणाली, "चारचौघांत त्यांचं नाव घ्यायलाच हवं होतं का रे?"

आता तू सांग. पुढ्यात ताट, समोर बहीण, शेजारी दाजी. तू काय केलं असतंस?