भाईंचे शेवटचे दहा रुपये

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन चौथीत जिथं सुटलं तिथंच आहे, म्हणून आधीच माफी मागते. ब्लाऊजला काजं करताना हात स्थिर राहतो, पेन धरलं की थरथरतो. पण रज्जाकभाईंबद्दल कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे, आणि आमच्या आळीत दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही.

रज्जाकभाई सुऱ्या-कात्र्यांना धार लावतात. सायकल स्टँडवर उभी करायची, पायडल मारायचं, मागं बसवलेला दगड फिरायला लागतो. वाईत असं काम करणारे आणखी दोघं आहेत. पण ते पात्याला नाव विचारत नाहीत.

मी पहिल्यांदा कात्री घेऊन गेले तेव्हा त्यांनी ती दोन्ही हातांवर आडवी धरली आणि विचारलं, "हिचं नाव काय?"

"कात्री."

"त्ये तिचं काम झालं, वहिनी. नाव सांगा."

मला अनोळखी माणसाशी दोन शब्द बोलायचे तरी घाम फुटतो. त्यांनीच तिचं नाव चांदणी ठेवलं. शेजारच्या शेवंताकाकूंनी आपल्या विळीचं नाव सासूबाई सांगितलं, तेही त्यांनी मान झुकवून मान्य केलं. धार लावून झाली की पातं रिकामं परत द्यायचं नाही, हा त्यांचा नेम. विळी असली तर गिऱ्हाइकाच्याच पिशवीतला कांदा कापायचा, कात्री असली तर दोरा. काकू घरून निघतानाच सडका कांदा बरोबर घ्यायच्या.

हे सगळं मोबाइलमधून आलेलं. हिंदीत बोलणारी एक चिनी मालिका आहे, साठ भागांची. तिच्यात एक तलवारवाला आहे. त्याचं नाव मला उच्चारता येत नाही, भाईही त्याला नुसतं उस्ताद म्हणतात. त्याला घर नाही, बायको नाही, गुरूला कुणी मारलंय, आणि जिच्यावर जीव होता तिचं लग्न भलत्याशी झालंय. हा डोंगरातून एकटा हिंडतो आणि बर्फ पडला की त्याला हमखास जुनं काहीतरी आठवतं. दगड फिरवता फिरवता भाई आम्हा बायकांना ही गोष्ट सांगत. मटकी निवडत आळीनं छप्पन भाग ऐकले.

भाईंचं लग्न झालेलं नाही. मूळचे ते माण तालुक्यातल्या दहिवडीकडचे. वडील मेंढ्यांची लोकर कातरायच्या कात्र्यांना धार लावायचे, तेच काम घेऊन हे वाईला आले. डोक्यावर मधोमध केस नाहीत, जे मागं उरलेत ते उस्तादासारखे वाढवून रबरानं बांधलेले. पाठीवर तिरकी छत्री, तिला शिवलेली काळी खोळ. खोळ मीच शिवून दिली. पाऊस आला तरी छत्री उघडत नाहीत.

"भाई, भिजताय की," काकू ओट्यावरून म्हणायच्या.

"उस्ताद भिजतो."

"उस्तादाला सर्दी हुत न्हाई का?"

"हुती. दाखवत न्हाई." आणि शिंकायचे.

एकदा आळीतलं कुत्रं त्यांच्या अंगावर आलं. भाई एका उडीत काकूंच्या ओट्यावर. तिथून त्यांनी खाली बघत शांतपणे सांगितलं, "उस्ताद इनाकारण लढत न्हाई." कुत्रं जाईपर्यंत अर्धा तास ते लढले नाहीत.

एके वर्षी त्यांचा दगड फुटला. आठ दिवस सायकल भिंतीला टेकून होती. मी शिलाईतले पाचशे रुपये पदराखालून पुढं केले. त्यांनी ते घेतले, पण अट घातली. मालिकेत उस्ताद जखमी होतो तेव्हा एक चहावाली बाई त्याला औषधाला नाणी देते. तो तिच्या दुकानावरून जाताना दर वेळी एक नाणं परत करतो आणि एक कप चहा पितो. "तसंच फेडीन. दर गुरवारी धा."

"एकदम द्या नाहीतर देऊ नका," मी म्हणाले.

"उस्ताद असं न्हाई करत, वहिनी."

मग दर गुरुवारी भाई ओट्यावर येऊन बसायचे, दहाची नोट दोन्ही हातांनी द्यायचे, चहा प्यायचे आणि साखर कमी आहे म्हणायचे. हे वर्षभर चाललं. मग एका गुरुवारी नोट आली नाही. चहा मात्र झाला. पुढच्या गुरुवारीही तेच. फक्त दहा रुपये राहिले होते.

त्याच सुमाराला त्यांनी माझ्या चांदणीला पात्याच्या उलट्या बाजूनं धार लावून दिली. काकूंच्या विळीला लावताना बोट कापून घेतलं. काकूंनी हळद दाबता दाबता त्यांची बुबुळं बघितली. दोन्हीकडं पांढरं होतं. मोतीबिंदू.

सांगलीहून भाईंचा पुतण्या सलीम आला. ऑपरेशनची तारीख त्यानं आधीच घेतली होती. भाई माझ्याच ओट्यावर बसले होते.

"चाचा, चला. डॉक्टर म्हणला, आता लांबवलं तर लय अवघड हुईल."

"न्हाई येत. हिसाब बाकी हाय."

"कितीचा?"

"धा रुपये."

सलीमनं माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं. त्यानं खिशातून दहाची नोट काढून माझ्यापुढं धरली. "ह्ये घ्या मावशी. झालं?"

"दुसऱ्यानं फेडलं की फिटत न्हाई," भाई म्हणाले.

"मग तुमी द्या की चाचा."

"दिलं की झालं मग."

"काय झालं?"

भाईंनी छत्रीची खोळ नीट केली. सलीम कपाळाला हात लावून बस गाठायला गेला. "तारीख सोमवारची हाय," एवढं मला सांगून गेला.

मला गोष्ट कळायची राहिली होती. छप्पनच्या पुढचं भाई कधी सांगत नसत, शेवट बघितलाच नाही म्हणत. दुसऱ्या दिवशी दुपारी सुनेचा मोबाइल घेऊन मीच तो लावून बसले. उस्ताद चहावालीला शेवटचं नाणं देतो. ती चहा आणायला आत जाते. कप घेऊन बाहेर येते तर बाकावर कुणी नाही. तो डोंगरावर लढायला गेलेला असतो. मग बर्फात नुसती तलवार दिसते आणि गाणं लागतं. मी रडले, आणि एका बाईच्या ब्लाऊजला हुका उलट्या बाजूला लावल्या.

रविवारी मी हातात कात्री नसताना, आपणहून भाईंच्या सायकलीपाशी गेले. आयुष्यात पहिल्यांदा.

"मी शेवट बघितला."

दगड थांबला. "मंग?"

मी कधी खोटं बोलत नाही, कारण त्याला फार बोलावं लागतं. पण त्या दिवशी बोलले. "त्यानं नाणं दिलं. ती म्हणाली, बसा, चहा घेऊन जा. तो बसला."

"बसला?"

"हो. डोंगरावर गेलाच नाही. लढायला आलेला वाट बघून घरी गेला."

"आन तलवार?"

"भाजी चिरायला ठेवली."

भाईंनी माझ्या आवाजाच्या दिशेनं बघितलं. "बरं क्येलं," म्हणाले. सोमवारी पहाटेच्या बसनं ते सांगलीला गेले.

महिना-दीड महिना सायकल ताडपत्रीखाली होती. त्या दिवसांत मी चांदणी दुसऱ्या कुणाकडं नेली नाही, बोथटच वापरली. मग एका गुरुवारी भाई आले. डोळ्यांना काळा गॉगल, पाठीवर छत्री. काकू म्हणाल्या, आता खरे उस्ताद दिसताय. ते माझ्या ओट्यावर बसले, माझ्या तोंडाकडं नीट बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, तुमचे केस लय पिकले."

"तुम्हाला आत्ता दिसलं."

त्यांनी खिशातून दहाची नोट काढली, दोन्ही हातांनी पुढं केली. मी घेतली. त्यांनी हात तसेच थोडा वेळ पुढं ठेवले.

"त्यो शेवट मी तीनदा बघितलाय," ते म्हणाले. "बाकावर कुणी नसतं."

मी नोट पदराच्या टोकाला बांधली.

"तुमचा शेवट चांगला हाय," भाई म्हणाले. "दवाखान्यात डोळ्याला पट्टी बांधून पडलो हुतो, तवा त्योच बघत हुतो."

मी चहा ठेवायला आत गेले. त्या दिवशी दूध वर यायलाच तयार नव्हतं. खिडकीतून ओटा दिसत नाही, नुसतं सायकलचं पुढचं चाक दिसतं. मी तीन वेळा वाकून ते चाक बघितलं. मग कप घेऊन बाहेर आले.

भाई बसले होते. पाठीवरची छत्री काढून त्यांनी भिंतीला टेकवली होती आणि ओट्यावरची माझी चांदणी मांडीवर घेऊन धार अंगठ्यानं बघत होते.

"काय हाल केलेत हिचे," म्हणाले. मग एक घोट घेतला. "साखर कमी हाय."

ती नोट मी अजून मोडलेली नाही. पैसे मात्र पूर्ण फिटले.