दाऊदचाचांना सापडलेली गोम

पाण्याची बंद बाटली हातात आली की दाऊदचाचा आधी ती उलटी धरायचे. मग झाकणाला कान लावायचे. मग माझ्याकडे बघून विचारायचे, "पवार, ही आधी कुणी उघडली नाय कशावरून?" जेद्द्याच्या उन्हात घशाला कोरड पडलेली असायची, पण चौकशी पुरी झाल्याशिवाय चाचांच्या घशाखाली घोट उतरायचा नाही.

आम्ही दोघं एकाच कोल्ड स्टोरेजमध्ये होतो. मी ऑफिसात कारकून, चाचा फ्रीझरचे मेकॅनिक. गाव दाभोळ, इथे येऊन बावीस वर्षं झालेली, दाढी मेंदीने लाल. डाव्या हाताची दोन बोटं कॉम्प्रेसरच्या पट्ट्यात पेरापर्यंत गेलेली. हे झालं लेकीच्या लग्नाहून परतल्यावर. तेव्हापासून तो हात बहुधा पँटच्या खिशात असायचा. आम्ही म्हणायचो, चाचांची ऐट आहे.

जगात जे काही चाललंय त्यात "गोम हाय," असं चाचांचं ठाम मत होतं. मेसच्या बिर्याणीत गोम होती. रेडिओवर सांगतात त्या तापमानात तर हमखास होती. "पन्नास झाले तर सुट्टी द्यायला लागेल, म्हणून एकोणपन्नासवर थांबवतात." फ्रीझरच्या खोलीत शिरण्याआधी ते दार आतून तीनदा उघडून बघायचे. या एका संशयाला मात्र मी कधी हसलो नाही.

पण चाचांचा सगळ्यात लाडका संशय म्हणजे त्यांचा जावई, इरफान.

लेकीच्या, नसीमच्या, लग्नाला चाचा गावी जाऊन आले होते. स्थळ मोठ्या भावाने ठरवलेलं. मुलगा बोटीवर खलाशी, एवढंच कळलेलं. लग्नानंतर इरफान नव्या बोटीवर गेला आणि तिथून पत्ता कळवला तो थेट उत्तर ध्रुवाजवळचा. श्रीमंत गोऱ्या लोकांना बर्फ, अस्वलं आणि तिथल्या इन्युइट लोकांची गावं दाखवत फिरणारी बोट. प्रवाशांना रबरी होड्यांतून किनाऱ्यावर नेणं हे इरफानचं काम. हे ऐकल्याक्षणी चाचांच्या मनात पाल चुकचुकली.

"थंडी बघायला माणसं पैसे भरतात?" ते म्हणाले. "मला पगार देऊन आत पाठवतात, तरी मी कुरकुरतो. गोम हाय ह्यात, पवार. दुसरीकडे दुसरं घर मांडून बसला असला तर? माझी पोर फसली तर मी कुणाचं तोंड बघू?"

हे शेवटचं ते हसत म्हणाले नाहीत. त्यामुळे मीही हसलो नाही.

चाचांकडे कॉम्प्युटर नव्हता. म्हणून इरफान बंदर लागलं की माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर ईमेल पाठवायचा आणि मी ती छापून चाचांना द्यायचो. पहिल्याच पत्रात त्याने लिहिलं की इथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. चाचांनी कागद खाली ठेवला.

"मावळत नाय? मग हा मगरिबची नमाज कधी पढतो? पकडला की नाय! विचार त्याला."

मी विचारलं. बारा दिवसांनी उत्तर आलं, 'चाचांच्या घड्याळाप्रमाणे पढतो. जेद्द्यात मगरिब झाली की माझीही झाली.' चाचा बराच वेळ मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बोलायला हुशार हाय. हुशार माणूस वाईट."

मग फोटो आले. बर्फाने लडबडलेला जावई बघायला मिळेल या आशेने चाचा चष्मा पुसून बसले. फोटोत रंगीत लाकडी घरं, पायाखाली हिरवं शेवाळ आणि पिवळी फुलं. अर्ध्या बाहीचे शर्ट घातलेली इन्युइट पोरं चार चाकांच्या मोटरसायकलवर दाटीवाटीने बसलेली. मागे दांड्यांवर मासे सुकत घातलेले आणि त्यांच्यापाशी एक म्हातारी.

"हे आमचं दाभोळ हाय!" चाचा उसळले. "बर्फ कुठाय? मासे कसे टांगलेत बघ, आमच्या खालच्या वाडीसारखे."

"चाचा, मासे लाल आहेत."

चाचांनी कागद नाकाशी नेला. "हां. बोंबील लाल नसतो," त्यांनी नाइलाजाने कबूल केलं. "पण सुकवायची पद्धत आमचीच."

त्या फोटोखाली इरफानने लिहिलं होतं की त्या म्हातारीने त्याला घरी बोलावून सुका मासा दिला, त्याचा चेहरा न्याहाळला आणि विचारलं की तू पलीकडच्या गावातला कुणाचा मुलगा. चाचांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "म्हातारी चांगली दिसते," ते म्हणाले. म्हातारीवर त्यांना संशय आला नाही, याचं मला नवल वाटलं.

आमचं असं वर्षभर चाललं. मधल्या काळात चाचांची रजा दोनदा आली आणि दोनदा त्यांनीच ती पुढे ढकलली. कफील, म्हणजे इथला मालक, पासपोर्ट देत नाही, राहण्याचा परवाना, इकामा, अडकलाय, असं घरी फोनवर सांगायचे. पासपोर्ट माझ्याच ऑफिसच्या कपाटात होता, मागितला की मिळाला असता, त्यामुळे ते खोटं बोलतात हे मला ठाऊक होतं. का, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा फोटो आले. पाच, सगळ्यांत इरफान स्वतः. चाचांनी ते माझ्या टेबलावर ओळीने मांडले आणि जेवणाची सुट्टी संपली तरी उठेनात.

"पवार, ह्याचा डावा हात कुठाय?"

मी पाहिलं. दोन फोटोंत हात जॅकेटच्या खिशात. एकात त्याच म्हातारीच्या पाठीमागे. एकात जाड मोज्यात. एकात फोटोच कोपरापाशी संपलेला.

"थंडी असेल, चाचा."

"मग उजवा उघडा का?"

मला वाटलं, झालं, नवी गोम निघाली. हातावर कुणाचं नाव गोंदवलंय म्हणणार, अंगठी लपवतोय म्हणणार. पण चाचांनी फोटोंवरून एकदा बोट फिरवलं आणि टेबलावरचा कॅमेरा उचलून माझ्या हातात दिला. खराब झालेल्या मालाचे फोटो काढायला तो ऑफिसने घेतला होता.

"यल्ला, चल, माझा एक काढ."

ते फ्रीझरच्या दारासमोर जाऊन उभे राहिले. सवयीने हात खिशात गेला. मग त्यांनी तो बाहेर काढला, छातीवर ठेवला, आणि उरलेली बोटं नीट पसरली. चाचांचे कितीतरी फोटो मी काढले होते, लोकांबरोबर गावी पाठवायला. त्यातल्या एकातही तो हात नव्हता, हे मला तेव्हा कुठे लक्षात आलं. घरी कुणालाच माहीत नव्हतं. दीड वर्ष आम्ही त्याला ऐट म्हणत होतो याची मला लाज वाटली.

"हा नसीमला नको. फक्त इरफानला धाड," चाचा म्हणाले. "आणि खाली लिही, माझी दोन. तुझी किती?"

उत्तर यायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस चाचा रोज सकाळी माझ्या दारात येऊन उभे राहायचे, काही न विचारता परत जायचे. दहाव्या दिवशी ईमेल उघडली. त्यात दोनच ओळी होत्या.

'एक. करंगळी, रबरी होडीचा दोर आवळून गेली. घरी सांगितलं नाही, नसीम परत जाऊ देणार नाही.'

मी वाचून दाखवलं. चाचा स्टुलावर बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवण्याची त्यांना आठवणही राहिली नाही. "येडा," ते म्हणाले. "एकटाच पोर. त्या मुलखात तो हात कुणी शेकला असेल?"

मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "तो बोटीवरून कधी सुटतो?"

"ऑक्टोबरात."

"मग माझी रजा ऑक्टोबरात टाक. त्याला लिही, मुंबईला उतरून माझी वाट बघ म्हणावं, घरी एकटा जाऊ नको. दोघं एकदम दारात जाऊ. बायका एकदाच काय ते रडतील, खलास."

मी रजेचा अर्ज पुढे केला. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडायला लागला. चाचांनी डावा हात खिशातून काढून त्याच्यावर दाबून धरला आणि उजव्याने सही केली.