समाधानाची सरासरी

हडपसरच्या त्या रुग्णालयात डॉक्टर अवधूत पानशांना तीस वर्षं झाली होती, आणि त्यांना हसताना फारसं कोणी पाहिलं नव्हतं. तक्रारही कोणाची नव्हती. मग रुग्णालयाने रुग्णांचं समाधान मोजायचं ठरवलं. तपासून बाहेर पडणाऱ्याने फॉर्मवर लिहायचं, डॉक्टरांना पाचपैकी किती गुण?

महिन्याभराने निकाल लागला. हिंदी फॉर्मवर पानशांना चार पूर्णांक सात, मराठीवर जेमतेम एक पूर्णांक नऊ. व्यवस्थापक केदार हादरलाच. त्याने फॉर्म गोळा करणाऱ्या तेजस्विनीला चौकशीला पाठवलं.

दिगंबरराव निवृत्त गणित शिक्षक. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी अकरा वर्षं पानशांकडेच येणारे. त्यांनी दोन गुण दिले होते.

"काका, डॉक्टर आवडत नाहीत का तुम्हाला?"

"आवडत नसते तर अकरा वर्षं कशाला आलो असतो? दोन म्हणजे पास. पैकीच्या पैकी मी आयुष्यात कोणाला दिले नाहीत."

हिंदी फॉर्म भरणाऱ्या मेहरुनबींनी मात्र पाच दिले होते. "बुढ्ढे डॉक्टर है, बुरा लगेगा ना बिचारों को."

"आणि गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगितलं त्यांनी?"

"बताए बहुत कुछ. मेरेकू कुछ समझ्याच नई."

तेजस्विनीने त्यांना औषधांची चिठ्ठी समजावून सांगितली आणि तशीच केदारकडे गेली. "सर, दोनवाले खूश आहेत आणि पाचवाल्यांना काही कळलेलंच नाही."

"मॅडम, सरासरी वर पाठवायची असते. हे सगळं कुठल्या रकान्यात लिहू?" केदार म्हणाला, आणि पानशांना लेखी सूचना गेली. रुग्णांशी हसून बोलावे. घरची विचारपूस करावी.

पुढच्या खेपेला दिगंबरराव आत शिरले, तर डॉक्टर चक्क उठून उभे राहिले. सगळे दात दिसत होते.

"या, या दिगंबरराव! काय म्हणताय? घरी कसं काय?"

दिगंबरराव दारातच थबकले. खुर्चीच्या पाठीला धरत हळूच बसले.

"किती महिने?" त्यांनी विचारलं.

"कसले?"

"लपवू नका हो. आमच्या हिच्या, कुसुमच्या शेवटच्या वेळी तुम्ही असेच गोड बोलत होता. पंधरा दिवसांत गेली ती."

डॉक्टरांनी घाईघाईने त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. रक्तदाब एकशे नव्वद. आता डॉक्टरांचं हसू मावळलं.

"अहो, तुम्हाला काहीही झालेलं नाही! मला हसायची नोटीस आलीय."

"कोणामुळे?"

"तुमच्यासारख्यांमुळेच. पाचपैकी दोन!"

दिगंबररावांनी कपाळावरचा घाम पुसला. भीती ओसरली तरी ते उठेनात.

"डॉक्टर, एक सांगू? चहा अजून दोघांचाच टाकला जातो माझ्याकडून. मग उरलेला कप मोरीत ओततो. गोळ्याही आठवडाभर घेतल्या नाहीत. कशासाठी घ्यायच्या, तेच कळेना."

अकरा वर्षांत असलं काही त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. डॉक्टरांनीही विचारलं नव्हतं. पानशांनी हातातलं पेन खाली ठेवलं. हसायचं ते विसरूनच गेले. दिगंबरराव थांबत थांबत बोलत राहिले आणि डॉक्टर ऐकत राहिले. पाऊण तास गेला. पुन्हा पट्टा बांधला, तेव्हा आकडा एकशे पन्नासवर आला होता.

बाहेर बाकांवर तेवीस माणसं खोळंबली होती. कोणी दार वाजवलं, कोणी केदारच्या नावाने ओरडलं. नंतर त्या तेविसांनीही फॉर्म भरले, आणि ज्याला जी भाषा येत होती त्या भाषेत एकेक गुण दिला. हिंदी आणि मराठीचे आकडे पहिल्यांदाच जुळले.

दुसऱ्या दिवशी केदार कागद घेऊन केबिनमध्ये आला. "सर, इतका वाईट दिवस तुमचा कधीच गेला नव्हता. काल नक्की केलं काय तुम्ही?"

पानशांनी कागदाकडे पाहिलंही नाही.

"एक पेशंट तपासला," ते म्हणाले.