सहावा सभासद

१४ फेब्रुवारी. थंडी उणे एकतीस, वारा उत्तरेचा, दुपारनंतर आभाळ गढूळ. कोरम पुरा होत नसल्यामुळे कुत्र्यांनी बर्फावरची गाडी पुढे न्यायला नकार दिला.

डोंबिवलीचे मुकुंद खांबेटे कॅनडाच्या उत्तर टोकाकडून एकटेच निघाले होते. आता गाडी गोठलेल्या तळ्याच्या मधोमध उभी होती. वादळ येत होतं आणि निवाऱ्याची झोपडी पलीकडच्या काठावर होती.

अडचण साधी होती. सभेला सहा सभासद लागत. पुढे धावणाऱ्या आक्काचा पंजा सकाळी बर्फाने चिरला होता, आणि जो गाडी ओढत नाही तो सभासद राहत नाही.

"सभा तहकूब करा," मुकुंदराव म्हणाले. ते सोसायटीचे बरीच वर्षं सेक्रेटरी होते. "अर्ध्या तासाने इथेच भरवा. तेव्हा कोरम लागत नाही."

"ते डोंबिवलीत," कुत्र्यांचा अध्यक्ष बंड्या म्हणाला. "इथे अर्ध्या तासात अध्यक्ष गोठतो."

"विषय तरी काय?"

"आक्काला इथे सोडायचं, की गाडीवर घ्यायचं."

आक्का पंजा चाटत होती. "माझ्यापायी अडून बसू नका रे," ती म्हणाली.

"बिगरसभासदांनी मध्ये बोलू नये," बंड्या म्हणाला, पण हळूच.

मुकुंदरावांनी समोर पाहिलं. पलीकडचा काठ दिसेनासा झाला होता. त्यांनी आक्काचे पट्टे उचलले. "मला होतील का हे?"

"सैल करून घ्या," ठमी म्हणाली. "आणि पुढे नाही हं उभं राहायचं. नवा सभासद मागे."

ते मागे जाऊन उभे राहिले. कोरम झाला.

"काठाच्या चढावर रडणार नाही ना?" बंड्याने विचारलं.

"रडेन. पण ओढेन."

आक्काला गाडीवर घेण्याचा ठराव मांडला गेला. चार शेपट्या आणि एक हात लगेच वर झाला. बंड्याची शेपटी जरा वेळाने उठली.

मुकुंदरावांच्या घोंगडीत बसून आक्का वाट सांगू लागली. "डावीकडे! अरे मुकुंदा, तुझी डावी कुठली?"

वादळाच्या थोडं आधी गाडी झोपडीला लागली. सहा सभासदांना एकेक मासा मिळाला. मुकुंदरावांनी आपल्या माशातला अर्धा आक्काला दिला.