पतपेढीची निळी प्रत

विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरीला असलेल्या कौसरनं तिसऱ्यांदा ‘ग्रामीण पतपेढी : तत्त्व आणि व्यवहार’ मागवलं, तेव्हा तिथं कुजबुज सुरू झाली. पतपेढीचे वसुलीवालेसुद्धा कुणाचा इतका पिच्छा पुरवत नसतील.

सगळ्या कॉलेजांचा मिळून एक ऑनलाइन कॅटलॉग झाला होता. सोलापुरात बसून पुस्तकाचं नाव टाकलं, की बार्शीपासून दुधनीपर्यंत जिथं मोकळी प्रत असेल तिथून ती यायची. घोळ इथंच होता. कॅटलॉगला सगळ्या प्रती सारख्याच, आणि कौसरला हवी होती एकच.

तिचे अब्बा, बंदेनवाज, बाइंडिंगचं काम करायचे. उन्हाळ्यात ते गेले. घरात त्यांचा दाभण राहिला, सरसाचा डबा राहिला, पण त्यांनी बांधलेलं एक पुस्तक नाही. बाइंडरच्या घरी पुस्तक पाहुण्यासारखं येतं आणि जातं. शेवटच्या कामात कापड संपलं, म्हणून त्यांनी कौसरच्या शाळेच्या निळ्या ओढणीची पट्टी एका पुस्तकाच्या पाठीला चिकटवली होती. ते हेच पुस्तक. एकदा ते हातात धरावं, एवढंच तिला वाटत होतं.

पण हे ऑफिसात सांगायचं कसं? मागणीत कारणाचा रकाना होता. तिथं ती दर वेळी ‘संदर्भासाठी’ असं लिहायची. प्रत आली की तिची पाठ बघायची आणि परत पाठवायची.

“मॅडम, एकदा उघडून तरी बघा की!” शेजारच्या टेबलावरची अंकिता न राहवून म्हणाली.

“बघितलं.”

“बाहेरनंच?”

शेवटी कौसरनं एकेका कॉलेजात फोन लावून निळ्या पाठीची प्रत आहे का ते विचारायला सुरुवात केली, आणि बार्शीच्या एका कॉलेजाचा नंबर आला. तिथल्या ग्रंथपालांनी, राजशेखर यांनी, कपाट धुंडाळलं.

“हाय की मॅडम! पाठीला निळं कापड लावलंय, तेच न्हवं?”

“तेच! तेच पाठवा.”

“लई अर्जंट दिसतंय. काळजी करू नका, या आठवड्यात देतो पाठवून.”

पार्सल आलं. कौसरनं घाईघाईनं दोरा कापला. आत लाल रेक्झिनचं कोरंकरकरीत बाइंडिंग, पाठीवर सोनेरी अक्षरं. तिनं बार्शीला फोन लावला.

“आवडलं न्हवं?” राजशेखर खुशीत होते. “त्या निळ्या चिंधीची बातमी पार युनिव्हर्सिटीपर्यंत गेली म्हनल्यावर लाजच वाटली बघा. कॉलेजच्या अब्रूचा सवाल हाय. बाइंडरच्या मागं बसून करून घेतलं.”

“जुनी पाठ... ठेवलीय का हो?”

“ती कशाला ठेवायची? दिली टाकून.”

कौसरला रागवायचं होतं, पण त्या भल्या माणसानं रागवायला जागाच ठेवली नव्हती. डोळे भरून आले. तिनं पुस्तक उलटंपालटं केलं आणि कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला.

“कोपरे फार नीट दुमडलेत,” ती म्हणाली. “बाइंडरला सांगा.”

“बाइंडरला? त्याला काय सांगायचं मॅडम, त्याचं कामच हाय ते!”

“तरी सांगा. विद्यापीठातनं निरोप आलाय म्हणून सांगा.”