एका तारेवर तीन पहारे

"तारेला कळणारसुद्धा नाही, साहेब," नुकिना छातीठोकपणे म्हणाला. "हा टॅप म्हणजे तारेला लावलेला चोरकान. याला वीज लागत नाही. काचेच्या तारेतला निम्मा प्रकाश पुढे जातो, निम्मा आपल्या नोंदयंत्रात येतो. एकूण एक ऑर्डर टिपली जाते."

"टिपली गेली तर बरं," हिराओकासाहेब चहात बघत म्हणाले. "सोमवारच्या बैठकीत दोष आपल्यावर आला, तर माफीनामा तू लिहायचास. तुझा तिसरा. मग वाक्कानाईचं गोदाम."

वाक्कानाईच्या पुढे जपान संपतो.

ओसाकातल्या एका दलाल पेढीच्या शेअरबाजाराकडे जाणाऱ्या ऑर्डरींपैकी रोज दहाएक वाटेत गडप होत. पेढी, तार पुरवणारी कंपनी आणि यंत्रं सांभाळणारी नुकिनाची कंपनी, तिघांनाही खात्री होती की दोष दुसऱ्याचा आहे. पण संशय तोंडावर बोलून दाखवणं सभ्यपणात बसत नाही. म्हणून आदल्या दिवशी, रविवारी, बाजार बंद असताना, नुकिना टॅप मिठाईच्या पिशवीत घालून डेटा सेंटरला निघाला.

लिफ्टमध्ये तार कंपनीचे तोगाशी होते. हातात मिठाईची पिशवी. मागोमाग पेढीच्या मिसुमीबाई शिरल्या. त्यांच्याही हातात तेच.

"सुट्टीच्या दिवशी कुठे, नुकिनासान?" तोगाशींनी विचारलं.

"इथेच जरा. आपण?"

"आम्हीही इथेच."

"हवा छान पडलीय," मिसुमीबाई म्हणाल्या. लिफ्टला खिडकी नव्हती.

तिघांनी आपापलं कपाट उघडलं आणि एकमेकांकडे पाठ करून काम उरकलं. रिकाम्या तारेवर दिवे हिरवे दिसले.

सोमवारी नऊला बाजार उघडला. सव्वानऊपर्यंत चार हजार ऑर्डरी गडप झाल्या.

बैठकीत तिघांनी आपापली निष्कलंक नोंद मांडली. पेढीचे म्हातारे संचालक मृदूपणे म्हणाले, "उत्तम. पण या नोंदी घेतल्या कशा?"

मिठाईच्या तिन्ही पिशव्यांत टॅपच होते. निम्म्याचा निम्मा, त्याचाही निम्मा. पलीकडच्या यंत्राला रुपयातले दोन आणे प्रकाश मिळत होता, आणि मोतीबिंदू झालेल्या आजोबांनी डॉक्टरची चिठ्ठी वाचावी तसं ते ऑर्डरी वाचत होतं.

माफीनामा एकच, सह्या तीन. पहिली सही करेल तो मुख्य अपराधी, हे न सांगता ठरलेलं.

"आधी आपण," तोगाशी वाकले.

"छे, आपण वडीलधारे," मिसुमीबाई त्यांच्याहून खाली वाकल्या.

वाकता वाकता पेन नुकिनापुढे आलं. तो वयाने सगळ्यांत लहान. कारणाच्या रकान्यात 'अविश्वास' लिहिणं असभ्य दिसलं असतं, म्हणून त्याने 'अतिदक्षता' लिहिलं आणि सही केली.

तिन्ही टॅप निघाले. तार पूर्ववत झाली, म्हणजे रोज दहाच ऑर्डरी गडप होऊ लागल्या. त्या जातात कुठे, हे आता कुणी विचारत नव्हतं.

वाक्कानाईच्या बदलीचा कागद देताना हिराओकासाहेबांचा आवाज जरा ओला झाला.

"मनाला लावून घेऊ नकोस, नुकिना. त्या गोदामात इंटरनेटच नाही."