चंपतरावांना काढून टाका

वारलेल्या वडिलांच्या, रुपरावांच्या फोटोवर स्वतः हात चालवला तर गोविंदाला दोन गोष्टी मिळणार होत्या: वर्षश्राद्धाला वेळेवर फोटो आणि आईची शाबासकी. सदर भागातला स्टुडिओवाला लग्नसराईमुळे नुसतं छापून द्यायला तयार होता, निगेटिव्हवरच्या कामाला मात्र महिनाभर थांबा म्हणत होता, आणि श्राद्ध आठ दिवसांवर आलं होतं. अडचण एकच. वडिलांची उरलेली एकुलती एक निगेटिव्ह जोडीची होती. शेजारी त्यांचे मित्र चंपतराव, आणि ते चांगले हिंडतेफिरते.

"जित्या माणसाले हार घालतेत काय गा?" आई मनकर्णाबाई म्हणाल्या. "चंपतभाऊजीले काढ त्यातून."

स्टुडिओवाल्याने सामान पुढे मांडलं. खरवडायचा चाकू, पेन्सिल, लाल रंग. गोविंदा गोंधळला.

"पहिल्यांदाच करून राहिले ना? रंग घ्या," स्टुडिओवाला म्हणाला. "रंग लावला तेवढी जागा फोटोत पांढरी येते. चाकूनं नाक जाईन."

"कोणाचं?"

"जो समोर असन त्याचं."

घरी खिडकीच्या उजेडात निगेटिव्ह धरून गोविंदा आणखीच गोंधळला. तोंडं काळी, टोप्या काळ्या, मिशा पांढऱ्या. दोघे जुळे भाऊच.

"आई, बाबा कोणीकडं होते वं?"

"उजवीकडं!"

गोविंदाने उजवा राखला आणि दोन दिवस खपून डावा रंगवून काढला.

श्राद्धाच्या सकाळी स्टुडिओवाला मोठी प्रत घेऊन आला. पाहुण्यांसमोर कागद सुटला. आत चंपतराव होते. एकटे, प्रसन्न. गोविंदाने निगेटिव्ह उलट्या बाजूने धरली होती; उजवीकडचे बाबा डावीकडे गेले आणि तिथेच संपले.

"हे काय गा?" पंगतीसाठी आलेले चंपतराव फोटोवर वाकले. "आन् माह्या खांद्यावर हात कोणाचा?"

"मले वाटलं तुमचाच हाय," गोविंदा पुटपुटला. "पुसला तर बाबाचा खांदा फाटन, म्हणून ठेवला."

मनकर्णाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "यायचाच हात हाय, तुह्या बाबाचा. करंगळी पाह्य, वाकडी."

"रंग पाण्यानं धुतला जाते," स्टुडिओवाला म्हणाला. "परवा दुसरा छापून देतो."

"धुवाल मंग," चंपतराव म्हणाले. "आधी मले असेच तीन काढून द्या. एकट्याचा एवढा झ्याक फोटो जिंदगीत नाही निघाला."

शेवटी हार दोऱ्याने त्या हातापुरता बांधला. तो फोटोतल्या आपल्या गळ्याकडे सरकू नये म्हणून चंपतराव विधी संपेपर्यंत जवळून हलले नाहीत. मनकर्णाबाईंना करंगळी मिळाली, चंपतरावांना तीन प्रती. पैसे गोविंदाने भरले, आणि फोटोतली जागा रुपरावांनी करून दिली.